आबांना भाकरी कुणी चारली?

मी असलं काही लिहीन असं दोन वर्षांपूर्वी कुणी म्हणालं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. आमच्या अंथुर्ण्यात भुतांना तोटा नाही — कॅनॉलच्या पुलावर एक, जुन्या विहिरीपाशी एक, आणि लाईट गेली की आणखी दोन-चार. लहानपणी बाकीची पोरं घाबरायची आणि मी त्यांना विचारायचे, एवढी भुतं आहेत तर एकाचाही फोटो कसा नाही रे कुणाकडे? आत्या मला ‘लई शहाणी’ म्हणायची. तर या लई शहाणीचा हा अनुभव. पटला तर बघा.

मी तेव्हा जर्मनीत मास्टर्स करत होते. आई मी शाळेत असतानाच गेली. घरी आबा, म्हणजे माझे वडील, आणि त्यांची धाकटी बहीण, माझी आत्या. मी जर्मनीला जायच्या आधीच आबांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. उजवा हात गेला तो गेलाच, आणि घास गिळायला त्रास व्हायचा. बारामतीचे डॉक्टर म्हणाले होते, काळजी करू नका, तब्येत स्थिर आहे. त्या भरवशावर तर मी गेले.

परीक्षा संपली की लगेच घरी यायचं, असं माझं ठरलेलं. तिकीटही काढलं होतं. पण माझ्याबरोबर राहणारी नागपूरची मैत्रीण म्हणाली, एवढ्या लांब येऊन काहीच न बघता जाणार का? व्हिएन्ना करू, तिथून ट्रेनने व्हेनिस. मन लागत नव्हतं, म्हणून आबांनाच फोन लावला. तर तेच म्हणाले, “बघून ये की गं जग. हितं काय हाय? ऊस हाय आन मी हाय. दोगंबी कुठं पळून जात न्हाय.” आणि स्वतःच हसले. मी तिकीट पुढे ढकललं.

व्हिएन्नाहून आम्ही व्हेनिसच्या ट्रेनमध्ये बसलो. खिडकीबाहेर डोंगर, हिरवी कुरणं, अगदी कॅलेंडरवर असतात तशी. तेवढ्यात आत्याचा व्हिडिओ कॉल आला. आपल्याकडे दुपार कलली होती. बघते तर आत्या दारात उभी, डोक्यावर पदर, मोकळ्या हातात भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या! आमच्याकडे लांबून कुणी घरी आलं की उंबऱ्याबाहेर थांबवून भाकरतुकडा ओवाळून टाकतात, तसा.

“कुठं गेलीस गं सुजे? शेजारी बसलीस व्हय? भाकरतुकडा न ओवाळताच आत आली बया!”

“आत्या, मी ट्रेनमध्ये आहे.”

“थट्टा करू नगंस. दादानं सांगितलं मला. सप्राईज द्याचं म्हनून न कळवता आलीस ती आलीस, पर मला तोंड तर दावायचं.”

मग तिने एका दमात सगळं सांगितलं. आबा दोन दिवस नीट जेवत नव्हते. (हे मला कुणी कळवलंच नव्हतं!) तिने दुधात भाकरी भिजत घातली, वर झाकण ठेवलं आणि गोठ्यात वैरण टाकायला गेली. परत आली तर वाडगं रिकामं, आबांचं तोंड पुसलेलं, गळ्याखाली टॉवेल नीट खोचलेला. कुणी चारलं विचारलं, तर आबा म्हणाले, सुजानं. आत्याने आनंदाने अख्खी आळी उठवली होती.

मी म्हणणार होते, आबांना भास झाला असेल. तेवढ्यात ती कुरकुरली, “आन पापुद्रा मातुर तसाच टाकून गेलीस. झाकनावर, मीठ लावून. खायचा न्हवता तर सोललास कशाला?”

इथे माझा भासाचा मुद्दाच संपला. थांबा, सांगते का ते. भाकरीचा वरचा पापुद्रा आबांच्या घशात अडकायचा. म्हणून मी त्यांना चारायला बसले की आधी तो सोलायचे, झाकणावर ठेवून मीठ लावायचे, आणि त्यांचं खाणं झालं की मी खायचे. बापलेकीचा आमचा तेवढाच उद्योग. आत्या त्या वेळी गोठ्यात असायची, तिला हे माहीतच नव्हतं. ती सगळी भाकरी तशीच कुस्करायची.

मी फोन खिडकीकडे फिरवला. डोंगर बघून आत्याने तांब्या खाली ठेवला. मग हळूच म्हणाली, “मग घरात कोन येऊन गेलं गं?”

आबांना फोन दे म्हटलं, तर त्यांचा डोळा लागला होता. पुढच्या स्टेशनवर मी उतरले. मैत्रीण बिचारी बॅगा घेऊन माझ्याबरोबर उतरली. हॉटेल, तिकिटं, सगळ्यावर पाणी सोडलं आणि मिळेल ते विमान पकडलं. आबांना नुसतं बघायचं होतं हो मला, दुसरं काही नको होतं... मी विमानात असताना ते गेले. माझ्यासाठी थांबले होते म्हणे लोक, पण किती थांबणार? चुलतभावाने अग्नी दिला. मी पोचले ती राख सावडायला.

नंतर मी घरोघर विचारून आले. तुमच्यापैकी कुणी त्या दुपारी आबांना चारलं का? कुणीच नाही. आत्या स्वतः चारून विसरली म्हणावं, तर कुठल्या सालात कुठली गाय व्याली हे तिला आजही तोंडपाठ आहे. उलट वाटेत भेटणाऱ्या बायका मला म्हणत होत्या, “बरं केलंस बाई, जिता हाय तवर भेटून गेलीस.” सुरुवातीला मी समजावून सांगायचे. मग सोडून दिलं. काय सांगणार?

तेराव्यानंतर निघायच्या आदल्या दिवशी मी आत्याला विचारलं, त्या दुपारनंतर आबा आणखी काही बोलले का?

“बोलला की. लई खुशीत होता. दोन दिस तोंडातनं शब्द न्हवता त्याच्या, पर त्या सांजंला गडी हसत हुता. मी म्हनलं, काय रं दादा, एवढं काय बोलली लेक? तर म्हनला, तुला न्हाय सांगनार. ते आमचं आमच्यात हाय.”

याला काही स्पष्टीकरण असेल तर मला आजवर सापडलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर आता मी ते शोधतही नाही. तिथे जी कुणी बसली होती तिची मला भीती वाटत नाही. तिचा हेवा वाटतो. माझ्या बापाने शेवटचं जे काही सांगितलं ते मलाच सांगितलं, आणि ते काय होतं हे मलाच माहीत नाही.