दोनदा छापलेला तांडा

हिंगोलीला चालले म्हटल्यावर ऑफिसातल्या चौघांनी आणि सोसायटीतल्या तिघींनी एकच प्रश्न विचारला, तिथे आहे काय? तिथे माझी चूक आहे, ती बघायला चाललेय, असं मी सगळ्यांना खरंखरं सांगितलं. कोणाचा विश्वास बसला नाही.

तर मंडळी, मी पुण्यात एका छोट्या प्रकाशनात काम करते. आमची एक पुस्तिका आहे, महाराष्ट्रातल्या गावांचे पिनकोड आणि लोकसंख्या. किराणा दुकानात, शाळेच्या ऑफिसात, लग्नपत्रिका छापणाऱ्यांकडे ती दोरीला टांगलेली दिसते. ती मी जुळवते. गावोगावचे हौशी वाचक याद्या पाठवतात, मी त्या तपासते आणि टंकते. लोकांना क्रिकेटच्या धावा पाठ असतात, मला पिनकोड. नवरा म्हणतो, हिला झोपेतून उठवून कळमनुरी विचारलं तर चार-तीन-एक-सात-शून्य-दोन म्हणून परत घोरायला लागेल. घोरण्याचं सोडलं तर बाकी खरं आहे.

२००६ च्या फेब्रुवारीत ऑफिसात एक पोस्टकार्ड आलं. निळ्या शाईत, मोठ्या अक्षरात: ‘तुमच्या पुस्तकात आमचा तांडा दोनदा छापला आहे. आम्ही एकदाच आहोत. येऊन पाहून जावे. हरसिंग नायक.’ मी ते तीनदा वाचलं आणि खुर्चीत बसल्या बसल्या हसत सुटले. पुस्तक उघडलं तर खरंच की! एका वाचकाच्या यादीत ‘भोजूनायक तांडा’, पिन कळमनुरीचा. दुसऱ्याच्या यादीत ‘हरसिंग तांडा’, पिन हिंगोलीचा. लोकसंख्या दोन्हीकडे तीच, शेवटच्या आकड्यापर्यंत. मी दोन्ही ओळी मनोभावे टंकल्या होत्या. वर जिल्ह्याची बेरीज सरकारी बेरजेशी जुळेना, तेव्हा चूक सरकारचीच असणार असं ठरवून मोकळी झाले होते. आकडा इथे देत नाही, आकड्यांनी मी आधीच पुरेसा गोंधळ घालून ठेवलाय.

नवी आवृत्ती मार्चअखेर छापायला जायची होती. एक ओळ खोडायची एवढंच, पण कुठली? भलती खोडली तर पुढची आवृत्ती निघेपर्यंत त्या तांड्याची पत्रं भलत्या पोस्टात जाऊन पडणार. साहेब म्हणाले, कार्ड टाकून विचार. मी म्हटलं, साहेब, कार्डावर पत्ता कुठला घालू? दोनातला बरोबर कुठला हेच तर विचारायचंय, आणि पोस्टाचा शिक्का पार पुसट आलाय. साहेबांनी कपाळावर हात मारला आणि तीन दिवसांची रजा दिली.

परभणी ते हिंगोली

रेल्वेने परभणी गाठली, कारण तिथे माझ्या वन्सं राहतात. म्हणजे थोरली नणंद. वय साठीच्या पुढे, आणि उभी नोकरी पोस्टाच्या सॉर्टिंगमध्ये. म्हणजे आमच्या घरात पिनकोडचं वेड असलेल्या दोन बायका, एक लग्न करून आलेली आणि एक लग्न होऊन गेलेली. मी नुसतं सांगायला गेले होते, तर त्यांनी पिशवी भरून चप्पल घातलीसुद्धा.

एसटीत बसल्याबरोबर खेळ सुरू. गावाची पाटी आली की जिला पिन आधी आठवेल ती जिंकली, हरणारीने चहा पाजायचा. वसमतपर्यंत मी तीन चहा हरले. तुमच्या माहितीसाठी सांगते, पिनचा पहिला आकडा देशातला विभाग, पहिले तीन मिळून टपाल कुठल्या जिल्ह्यात छाटायचं ते, आणि शेवटचे तीन पोस्ट ऑफिस. गंमत बघा, १९९९ मध्ये परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, कचेऱ्या आल्या, पाट्या बदलल्या, पण पिन जागचा हलला नाही. वन्सं अभिमानाने म्हणाल्या, पोस्ट कोणाच्या वाटणीत पडत नाही.

वसमतहून कुरुंद्याला जीपने गेलो, माणशी दहा रुपये. वेळापत्रक वगैरे विसरा, जीप भरली की निघते, आणि भरली म्हणजे काय हे ड्रायव्हर ठरवतो. हळद काढायचे दिवस होते. रस्त्याच्या कडेला मोठ्या कढयांत हळद शिजत होती, वाफेने डोळे चुरचुरत होते, अंगणांत, ओट्यावर, जिकडे बघाल तिकडे हळकुंडं वाळत घातलेली. एका बाईंनी ओळख ना पाळख, वन्संच्या पदरात ओंजळभर हळकुंडं टाकली. पैसे देऊ केले तर त्या रागावल्या. माझी पांढरी ओढणी त्या दिवशी पिवळी झाली ती आजतागायत पिवळी आहे.

दोन जीपा बदलून हिंगोलीला पोचलो. बसस्टँडजवळ दोन खाटांची खोली दोनशे रुपयांत मिळाली, सकाळी बादलीभर गरम पाणी धरून. खाली खानावळीत ज्वारीची भाकरी, पिठलं आणि शेंगदाण्याची चटणी. चटणी जपून घ्या. मी नाही घेतली जपून.

दोन नावं, एक वाट

दुसऱ्या दिवशी आधी कळमनुरीची बाजू बघू म्हणून तिकडच्या जीपमध्ये बसलो आणि कार्डावरच्या नावावरून ड्रायव्हरला सांगितलं, हरसिंग तांड्याच्या फाट्यावर उतरवा. त्याला ठाऊक नव्हता. मागे बसलेल्यांना विचारलं, त्यांनाही नाही. म्हणजे दोन राहू देत, एकसुद्धा तांडा नाही की काय! शेवटी रस्त्याकडेला मेंढरं घेऊन उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्यांपाशी जीप थांबवली. त्यांनी आम्हा दोघींकडे निवांत बघून घेतलं.

“हरसिंग तांडा म्हाईत न्हाई. भोजूनायकाचा तांडा हाय. हरसिंग हाय, पर थो तांडा न्हाई, नायक हाय.”

जीपभर हशा पिकला. फाट्यावर उतरून तीन किलोमीटर चालायचं होतं. पाणी बरोबर ठेवा, वाटेत सावली नाही. वन्सं माझ्यापुढे चालत होत्या आणि मधूनमधून थांबून मला थकलीस का विचारत होत्या, हे मुद्दाम नोंदवून ठेवते.

तांड्याच्या तोंडाशी रंगवलेली पाटी होती, पांढऱ्यावर लाल अक्षरात ‘हरसिंग तांडा’. हरसिंग नायक चाळिशीचे, बारीक अंगाचे, हळू बोलणारे. मी पुण्याहून चूक बघायला आले म्हटल्यावर त्यांना हसू आवरेना. खाट टाकली, पाणी आलं, चहा आला, आणि दहा मिनिटांत निम्मा तांडा भोवती गोळा झाला. निम्माच, कारण उरलेले ऊसतोडीला गेले होते.

भानगड तिथे उलगडली. बंजाऱ्यांच्या या तांड्याची रीत अशी, की नायकाचं नाव तेच तांड्याचं नाव. भोजूनायक हे हरसिंगांचे वडील. तीन वर्षांपूर्वी ते गेले, हरसिंग नायक झाले, तांड्याने हौसेने पाटी रंगवली. पूर्वी बैलांच्या पाठीवर माल लादून गावोगाव फिरायचे तेव्हा यात काही अडत नव्हतं, नायक पुढे चालायचा आणि तांडा त्याच्या मागे. आता तांडा एका जागी बसला होता आणि नाव मात्र अजून चालत होतं. एका वाचकाने जुनं नाव पाठवलं, दुसऱ्याने नवं, आणि मी शहाणीने दोन तांडे वसवले.

मी खूश होऊन पर्समधून लाल पेन काढलं. नायकांनी बोलावलंय म्हणजे त्यांना आपलं नाव ठेवायचं असणार, हे मी धरूनच चालले होते. जमलेल्यांचंही तेच म्हणणं पडलं. हरसिंगांच्या आईला, म्हणजे भोजूनायकांच्या बायकोला, सगळे याडी म्हणत होते, याडी म्हणजे आई. त्यांनी तर आत जाऊन आमच्या पुस्तकातलं ते पान आणलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेलं. वाचता येत नव्हतं, पण हरसिंगांच्या नावावर बोट बरोबर ठेवलं.

मग हरसिंगांनी खरी हकीकत सांगितली. त्यांचा धाकटा भाऊ फौजेत आहे. पुस्तकात दादाचं नाव आलं हे कळल्यावर त्यानेही हौसेने पत्रावर तोच पत्ता घातला, हरसिंग तांडा, पिन हिंगोलीचा. टपाल येतं कळमनुरीकडून. पत्र हिंगोलीला गेलं, तिथे असा तांडा कुठल्याच पोस्टमनच्या बिटात नाही, फिरून फिरून त्याच्याकडेच परत गेलं. इकडे दोन महिने पत्र नाही म्हणून याडी जेवेनात. कोणी पोरगं रस्त्याने पळत आलं तरी त्यांच्या काळजाचं पाणी व्हायचं. शेवटी भाऊ सुट्टीवर आला तो परत आलेलं पत्र खिशात घालूनच, आणि चुलीपुढे बसून त्याने ते आईला वाचून दाखवलं, मी सुखरूप आहे, काळजी करू नको. हे सांगताना सगळा तांडा हसत होता, याडीसुद्धा हसत होत्या, आणि माझी मान वर होईना. पुस्तक माझं होतं हो.

वन्संनी लगेच उपाय काढला. नाव हरसिंगांचंच ठेवा, फक्त पिन कळमनुरीचा घाला, पोस्टमनला जाऊन सांगून येऊ. माणसं खूश झाली. एक-दोघांनी टाळ्या वाजवल्या. हरसिंग नाही-नाही अशी मान हलवत राहिले.

“माझं खोडा,” ते म्हणाले. “उद्या दुसरा नायक व्हईल, पुन्हा नाव बदलंल. इथं ऱ्हाते त्याले सारं ठावं असते. भाईर गेल्याले आपलं जुनंच नाव ठावं. ऊस तोडाले गेलेले, लगीन होऊन गेलेल्या पोरी, थ्या त्याच नावानं घर शोधतेत. बापाचं ठिवा. कायमचं.”

एक म्हातारे म्हणाले, अशी रीत न्हाई. हरसिंग म्हणाले, रीत मोडायची तर नायकानंच मोडावी, दुसऱ्या कोणाले जमनार न्हाई. एवढं बोलून ते उठले आणि पाटीवर चुना फासायला कोण येतं म्हणून विचारायला लागले. त्यांच्यामागून आठ-दहा जण निघालेसुद्धा, आणि म्हातारेबुवा त्यांच्यात सगळ्यात पुढे.

मी पेन उघडलं तेव्हा याडींनी माझा हात धरला. “मालकाचं नाव ऱ्हायलं, लई बरं झालं. पर लेकाचं माझ्यासमोर नका खोडू.” मी पेन मिटून पर्समध्ये ठेवलं. निघताना त्यांनी भाकऱ्या बांधून दिल्या आणि ते पान पुन्हा पिशवीत घालून आत नेलं.

ती ओळ मी लॉजवर खोडली. वन्संनी दिवा धरला, कारण वीज गेली होती.

नरसी आणि परत

तिसऱ्या दिवशी नरसीला गेलो. हिंगोलीहून जीपने तासाभराच्या आत पोचता. नामदेवांचं गाव. पंजाबातूनही यात्रेकरू येतात, त्यामुळे चहाच्या टपरीवर मराठी, हिंदी, पंजाबी एकाच किटलीतून ओतली जाते. दर्शन झाल्यावर कयाधूच्या काठावर बसून याडींच्या भाकऱ्या सोडल्या. परभणीपासून बडबडणारी मी गप्प झालेली बघून वन्संनी विचारलं, काय झालं गं?

मग सांगितलं. माझं माहेरचं नाव मंजिरी. लग्नात ताटातल्या तांदळावर नवऱ्याने सुनेत्रा लिहिलं आणि मी सुनेत्रा झाले, हौसेनेच झाले, पेढे वाटले. मिरजेच्या शाळेतली माझी मैत्रीण रेहाना मला मंजिरी म्हणूनच ओळखायची. तिच्या वडिलांची बदली झाली, ते लोक कुठे गेले मला कळलं नाही. लग्न ठरल्यावर दिलेला माझा पुण्याचा पत्ता मात्र तिच्याकडे होता. लग्नाला वर्ष झाल्यावर वॉचमन सहज बोलला होता, कोणा मंजिरीबाईंची दोन-तीन पत्रं आली होती, या बिल्डिंगमध्ये अशा कोणी नाहीत म्हणून पोस्टमनला परत दिली. राज्यातल्या गावागावाचा पिन मला पाठ, आणि माझीच पत्रं माझ्या दारातून परत गेली होती.

वन्संनी हातातली भाकरी खाली ठेवली. मग म्हणाल्या, “सुनेत्रा नाव मीच सुचवलं होतं. मला फार आवडायचं.” आणि एकदम त्यांना रडू आलं, ते बघून मला आलं, आणि शेजारी बसलेल्या पंजाबी आजींनी काही न विचारता दोघींच्या हातात प्रसाद ठेवला, तेव्हा आम्ही रडता रडता हसायला लागलो.

खर्चाचं विचाराल तर तीन दिवसांत दोघींचे मिळून हजाराच्या आतच गेले, त्यात मी हरलेले अकरा चहा आले. फेब्रुवारी-मार्चमध्ये जा, हळद बघायला मिळेल. नवी आवृत्ती वेळेत छापली. भोजूनायक तांडा, एकदाच, कळमनुरीच्या पिनखाली. बेरीज सरकारी आकड्याशी जुळली, आणि सरकारची मी मनातल्या मनात माफी मागितली.

घरी आले त्याच संध्याकाळी जिन्याखालच्या आमच्या टपालपेटीवर सुनेत्राच्या खाली पांढऱ्या रंगाने ‘मंजिरी’ लिहिलं. नवरा बघत उभा होता, म्हणाला, पाहुणी आलीय का कोणी? वॉचमनला आणि पोस्टमनला बोलावून सांगितलं, ही मीच. पत्र अजून आलेलं नाही. रेहाना बिचारी कधीच लिहायची थांबली असेल. पण रोज सकाळी मी पेटी उघडून बघते, आणि वन्सं दर रविवारी फोन करून आधी तेच विचारतात.