डोराबाईंच्या शेतातला बॅज

१९९० सालच्या नोव्हेंबरातल्या एका रविवारी मंदाताईंच्या गाडीतून आम्ही नॉटिंगहॅमहून निघालो. मंदाताई हॉस्पिटलात डॉक्टर. सातवीतच शाळा सुटलेल्या मला त्यांनी मुलं सांभाळायला विलायतेत आणलं. ते उपकार मी विसरत नाही, आणि आपल्या हातून काही बिघडेल ही धास्तीही सुटत नाही. सुटीच्या दिवशी त्या धातू शोधायचं यंत्र घेऊन शेतं धुंडाळत आणि सापडलेले जुने लष्करी बॅज कुठल्या पलटणीचे, ते ओळखत.

शेत डोराबाईंचं. वय ऐंशीच्या पुढे. "फाटक लावून घ्या," एवढंच म्हणाल्या. पहिल्या महायुद्धात तिथे छावणी होती. धुकं इतकं, की ताई दहा पावलांवर नाहीशा व्हायच्या आणि यंत्राचं कण्हणं तेवढं ऐकू यायचं. मग त्यांनी हाक मारली.

बॅज फाटकाजवळच्या मातीत पालथा पडला होता. उलटवला, तर हरीण, वर मुकुट.

"मुकुटाचा माथा फुगीर आहे बघ. म्हणजे राजाच्या काळातला. राणीचा मध्ये खचलेला असतो," ताई म्हणाल्या. "जा, डोराबाईंच्या किचनमध्ये धुऊन ठेव."

धुतला. मग वाटलं, ताई खूश होतील. लिंबू-मीठ लावून दसऱ्याच्या भांड्यांसारखा लख्ख घासला. पाठीवरच्या हिरव्या थरात काही ओरखडे होते, तेही गेले.

"अगं, घासलास?" ताई आत येऊन बघतच राहिल्या. "हे कधी घासत नाहीत गं."

बॅज पाहून डोराबाई हळूहळू बोलू लागल्या. ताई मला मराठीत सांगत होत्या. डोराबाईंचा भाऊ एडविन याच पलटणीतला. टोपीला बॅज लावून फ्रान्सला गेला, हे त्यांनी स्टेशनवर डोळ्यांनी पाहिलेलं. तो परत आला नाही. पण तो गेल्याची तार आली त्या संध्याकाळी डोराबाईंना तो फाटकाशी उभा दिसला, टोपीला बॅज नव्हता. आईने खोटारडी म्हणून मारलं. पुढे जन्मभर कुणी खरं मानलं नाही.

"तो सगळ्या वस्तूंवर नावाची अक्षरं कोरायचा म्हणे. पाठीवर काही होतं का, विचारतायत."

नव्हतं म्हटलं असतं, तर कुणाला कळणार होतं? स्कोनसाठी (चहाबरोबरचा गोडसर पाव) टेबलावर पीठ पसरलेलं होतं. त्यात मी बोटाने आठवेल तसं काढलं. इंग्रजी आकडे, 73.

"नुसता नंबर दिसतोय," ताई म्हणाल्या.

डोराबाई टेबलापलीकडे, माझ्या समोर बसल्या होत्या. त्यांना ते उलटं दिसत होतं. "ई," त्या म्हणाल्या. "एल. एडविन लोमस."

मी बॅज उलटा धरून घासला होता.

"आता आई असायला हवी होती," डोराबाई म्हणाल्या आणि चहा ओतू लागल्या.

निघताना ताई फाटक लावायला उतरल्या, तर घराच्या खिडकीतून डोराबाईंचा आवाज आला, "असू दे उघडंच."

गाडीत ताई म्हणाल्या, "टेन्शन घेऊ नकोस. पण पुन्हा लिंबाला हात लावलास तर बघ."

मी हसले नाही. मागच्या पत्रात आईने लिहिलं होतं, तिन्हीसांजेला तू अंगणात उभी दिसलीस. तेव्हा मी हसले होते. घरी पोचल्यावर आधी तिला उत्तर लिहायला बसले: आई, मी बरी आहे.