पंचनामा सरांची घोंगडी

सरांना कुणी नमस्कार केला, की ते आधी मागं वळून बघायचे. आपल्या पाठीमागं दुसरं कुणी मोठं माणूस तर उभं नाही ना, याची खात्री करायचे आणि मगच नमस्कार घ्यायचे. घेतल्यावरही विचारायचे, "काम काय?"

विद्यापीठात एम.ए.च्या प्रवेशापासून पीएच.डी.च्या व्हायवापर्यंत सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. हुद्दा अधिष्ठाता. पण आम्हा होस्टेलवाल्यांसाठी ते पंचनामा सर. कारण काहीही सांगायला गेलं की चष्मा काढून एकच सवाल, "बघितलं, का ऐकलं?" पोरगं म्हणायचं, "सर, मेसमध्ये अळी निघाली." सर चष्मा काढायचे. पोरगं म्हणायचं, "ऐकलं, सर." सर चष्मा घालायचे. संपला विषय.

मी वैजापूरच्या शाळेत हेडमास्तरांपासून घंटा देणाऱ्या मामांपर्यंत सगळ्यांच्या नकला करून इथं आलेलो. सरांचा आवाज तर फुकटात सापडलेला, घोगरा, शेवटचा शब्द गिळणारा. एकदा कँटीनमध्ये तो काढत होतो. समोरची पोरं एकाएकी गप झाली, तेव्हाच कळायला पाहिजे होतं. मागून आवाज आला, "पुन्हा कर."

केली. करतो काय!

"माझा आवाज असा आहे?"

"व्हय सर... म्हंजी, तसाच ऐकलाय."

"ऐकलास. बघितलास कुठं? मी बोलायच्या आधी चष्मा काढतो. तो कुठाय?"

आणि निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून माझ्या नकलेत चष्मा आला.

सर कुणाच्या हातचा चहा घ्यायचे नाहीत. घरून थर्मास आणायचे आणि त्याचं झाकणही स्वतःच उघडायचे. आमच्याकडं व्हायवाच्या दिवशी पीएच.डी.वाल्यानं बाहेरच्या परीक्षकांना जेवण द्यायचं, ही रीतच. शहागंजातून बासुंदी आणायची, आधी पंगत आणि मग प्रश्न. सरांनी ते बंद पाडलं. म्हणाले, "जेवण आधी आणि पसंती नंतर, हे सोयरिकीत ठीक आहे." मास्तर लोक चिडले. औरंगपुऱ्यातल्या टपरीवर चर्चा व्हायची, जो चहा घेत नाही तो नक्की काहीतरी मोठं घेत असणार. आम्हालाही ते पटायचं. एवढा कोरडा माणूस असतो का कुठं?

आता भगवानचं सांगतो. भगवान माझा रूम पार्टनर. घरची मेंढरं. आईबाप पावसाळा सोडला तर बारा गावचं पाणी पीत हिंडणारे. त्यानं मेंढपाळ बायकांच्या गाण्यांवर प्रबंध लिहिलेला. घरातला पहिला शिकलेला. पीएच.डी. झाली तर कॉलेजात नोकरी, नाही झाली तर पुन्हा मेंढरांमागं, एवढा साधा हिशोब. गाईड लई खूश. न वाचताच खूश, हे आम्हाला माहीत होतं.

सरांनी भगवानला बोलावलं. मी दाराशी कान लावून.

"ही गाणी तू रचली नाहीस कशावरून?"

"सर, आई म्हणती ती. मावशी म्हणती."

"चाल सारखी, शब्द नेटके. मला शंका येते."

"आईशप्पथ, सर!"

"आईची शपथ नको. आई कुठाय?"

"कन्नडच्या अलीकडं तळ पडलाय. पण हलंल दोन-चार दिवसांत."

"बरं. जा."

भगवान बाहेर आला तो पांढराफटक. म्हणाला, "गेलं रे समदं. आता हा बाबा प्रबंध दाबून बसणार." मी त्याला सरांच्या आवाजात हसवून बघितलं. हसला नाही. उलट मलाच म्हणाला, "त्यो आवाज काढू नको माझ्यासमोर."

पुढच्या आठवड्यात सर रजेवर गेले. त्यांनी कधी रजा घेतल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. मग एका पोरानं बातमी आणली, "सर बसस्टँडवर कन्नडच्या गाडीतून उतरताना दिसले. काखेत घोंगडी. नवी कोरी, काळी!"

मी विचारलं, "बघितलं, का ऐकलं?"

"बघितलं! या डोळ्यांनी."

झालं. चहा न घेणाऱ्यानं घोंगडी घेतली! तीही भगवानच्या घरची. भगवान म्हणाला, "मायनं दिली आसंल. तिला वाटलं आसंल, लेकराचं काम हुईल." मग हळूच, "बकरं मागितलं आसतं तरी दिलं आसतं तिनं." त्या दिवसापासून मी नकलेत काखेत घोंगडी पण घेतली. पोरं पोट धरून हसायची.

व्हायवाच्या दिवशी हॉल भरलेला. सर आत आले तेव्हा काखेत खरंच घोंगडी. टेबलावर ठेवली, शेजारी थर्मास. आम्ही एकमेकांकडं बघितलं. एवढी निर्लज्ज हिंमत?

बाहेरचे परीक्षक गोरेगोमटे, बोलायला मऊ. पानं उलटत म्हणाले, "गाणी सुंदर आहेत. जरा जास्तच सुंदर. रानात हिंडणाऱ्या बाया इतकं घोटीव रचतात, यावर विश्वास ठेवणं अवघड आहे. हे तुम्हीच लिहिलंत का? की आणखी कुणी लिहून दिलं?"

भगवाननं गाईडकडं बघितलं. गाईडनं छताचा पंखा बघायला सुरुवात केली.

सरांनी चष्मा काढला. मला वाटलं, आता हेही तेच विचारणार. पण सर बोलले नाहीत. गायले. त्या फुटक्या, घोगऱ्या आवाजात, भर हॉलमध्ये:

"पुढं गेल्या मेंढ्या बाई, मागं राहिली गं चूल
राखंच्या उबीला गं, अजून निजलंय मूल"

कुणी हसलं नाही. मी पण नाही.

"हे गाणं यांच्या प्रबंधात नाही," सर म्हणाले. "यांनी आणलं त्याहून कितीतरी तिथंच राहिलंय. पहाटे तळ हलताना यांच्या आई हे म्हणतात. म्हणता म्हणता चुलीचा एकेक दगड उचलून बाजूला ठेवतात. ते मी बघितलंय. शंका माझी होती, मी जाऊन फेडून आलो. तुमची असेल तर तुम्ही फेडा. एस.टी. जाते."

परीक्षकांनी पाणी मागितलं. पुढचे प्रश्न मग लई सोपे आले.

निकाल लागला. भगवान पाया पडायला वाकला, तसे सर दोन पावलं मागं सरकले. घोंगडी त्याच्या हातात दिली. "आईला परत दे. गारठा होता म्हणून पांघरायला दिली होती. धुतलेली नाही, धुवायची नाही असं त्यांनी बजावलंय." मग पहिल्यांदाच थोडं हसून म्हणाले, "चहा मात्र घेतला मी त्यांच्याकडं. मेंढीच्या दुधाचा."

त्यानंतर नकलेतून मी घोंगडी काढून टाकली. चष्मा ठेवला. गाण्याचा आवाज मात्र शंभरदा काढून बघितला. नाही जमत. घोगरा निघतो, फुटका निघतो, सरांचा निघत नाही.

भगवान आता स्वतः गाईड आहे. सही मागायला पोरगं आलं की आधी त्याच्या गावाला जाऊन येतो. पोरं त्याच्यावर खार खातात, नावं ठेवतात, काही बाही घेत असणार म्हणतात. त्याला त्याचं सुख वाटतं.

गेल्या हिवाळ्यात त्याचा फोन आला. "सर गेले रे."

माझ्या तोंडून, त्याच आवाजात, निघून गेलं, "बघितलं, का ऐकलं?"

तो म्हणाला, "ऐकलंच रे. कुणीतरी सांगितलं."

"मग चल."

रिक्षानं पुंडलिकनगरला निघालो. वाटेत मी त्याला म्हणालो, सरांबद्दल आजवर जे जे ऐकलं ते खोटंच निघालं, घोंगडीचं आठव, हेही तसंच असणार. तो म्हणाला, "व्हय की." दोघंही ताठ बसलो. तेवढ्या वाटेपुरतं आम्हाला दोघांनाही ते खरं वाटत होतं.

गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली. सरांच्या फाटकापासून रस्त्यापर्यंत चपलाच चपला. भगवान उतरला, उभा राहिला आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "बघितलं."