मग गोड आलं

आमचे नंदनवन कॉलनीतले शेजारी, रिटायर्ड हेडक्लार्क, पोराकडे लंडनला महिनाभर राहून आले आणि तेव्हापासून एकच संध्याकाळ सांगत सुटले. "पोरानं आमाले नदीकाठच्या मोठ्या हॉटेलात नेलं गा. टेबलावर मेणबत्त्या! मले वाटलं, इथंबी लाईन गेली." मग स्वतःच हसायचे. वेटरचा काळा कोट, पाण्यातले दिवे, सगळं रंगवून सांगायचे. "मग गोड आलं," म्हणायचे आणि तिथंच उठायचे. तोवर काकू आत निघून गेलेल्या असायच्या.

त्यांच्या गच्चीवर पोराच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळया उभ्या होत्या. गंजू नयेत म्हणून दर उन्हाळ्यात ते त्यांना आपल्या हातानं रंग लावत. यंदाही लावला. पण आठवड्याभरानं पाहतो तर मिस्त्री त्या कापतोय. मी वर धावलो.

"काकाजी, काहून कापून राहिले?"

ते कापलेली सळई पंच्यानं पुसत होते.

"गोड आलं, तवा पोरगा म्हणे, बाबा, वरचा मजला नका बांधू आता. मी काही वापस येत नाही." सळई खाली ठेवत म्हणाले, "जेवण होईस्तोवर थांबला गा, बिचारा."