नव्या टाचा

मी फाशीच्या कोठड्यांवर शिपाई होतो. तिथे कैदेत असलेल्या एका सुताराचा मला मनापासून राग होता; उगाच साळसूदपणाचा आव कशाला आणू? दागिन्यांसाठी त्याने सख्ख्या वहिनीच्या डोक्यात पहार घातली आणि कोर्टात चोरांवर ढकलून मोकळा झाला. तो फासावर जाईल त्या दिवशी मी पोटभर जेवणार होतो.

आला तेव्हा नुसता गुरगुरायचा. एकदा जेवणाचं ताट माझ्या अंगावर भिरकावलं. नऊ वर्षांत नरमला, पण शहाणा झाला नाही. त्याच्या अंगात जीव उरला तो फक्त कानांत. आम्हा प्रत्येकाची चाल त्याला पाठ होती. जेवण आणि कैद्यांची गिनती सोडून अवेळी पाऊल वाजलं की फासावर न्यायला आले समजून भिंतीला चिकटायचा. ‘उद्या’ म्हणणं त्याने सोडलं होतं. महिन्याचा साबणसुद्धा एका आंघोळीत संपवायचा.

त्याचा थोरला भाऊ मात्र त्याच्या शब्दावर विसंबून होता. बायको गमावली, तरी धाकट्याला निर्दोष मानून वकिलांचे उंबरे झिजवत राहिला. एका दुपारी दयेचा शेवटचा अर्ज घेऊन तो सहीसाठी आला. मेलेल्या बाईचा नवराच दया मागतोय म्हटल्यावर फाशी टळणार, असं ऑफिसात सगळेच म्हणत होते. माझ्या पोटात दुखलं.

फाशीवाल्याची भेट कोठडीच्या गजांशीच होते, आणि पाहुण्याच्या चपला फाटकावर काढून ठेवतात. भाऊ अनवाणी माझ्यामागून चालत होता. मी आदल्याच दिवशी बुटांना नव्या टाचा मारून घेतल्या होत्या. ही अनोळखी टकटक ऐकून सुतार काय समजेल, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. आलं असतं तर मुद्दाम जोरात चाललो असतो.

पोचलो तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. हात पाठीमागे, मनगटं जुळवलेली. विजार ओली झाली होती.

“चला,” तो म्हणाला. “वहिनीला मीच मारलं. दादाला सांगा, माझ्यासाठी वणवण करू नकोस म्हणावं.”

दादा माझ्या मागेच उभा होता. त्याने हातातल्या अर्जाची घडी घातली, तो खिशात ठेवला आणि आल्या वाटेने निघाला. सुतार वळला तेव्हा त्याला भावाची पाठ तेवढी दिसली. तो गजांना येऊन भिडला.

“दादा उद्या येईल ना?”

“नाही येणार,” मी म्हणालो. सांगताना बरं वाटेल असं वाटलं होतं, आणि वाटलंही.