कोपऱ्यातला हुंकार

वडवणीच्या शेंगांच्या वखारीत बंकटमामा राखणदार होते आणि यंत्रांनाही अहो-जाहो करत. ओल मोजणारी ही यंत्रं पोत्यांच्या थप्प्यांत बसवलेली होती. हवा दमट झाली की ती टुक टुक करत. कोपऱ्यातलं यंत्र मात्र कडक उन्हाळ्यातही रोज दुपारी बोले. नेमकी तिथंच बसून मामांची बायको, बायडाबाई, एकेक शेंग कानाशी खुळखुळवून बियाणं निवडायची. ती होळीनंतर वारली.

"तीच हाय," मामा अभिमानानं सांगत. "जित्तेपणी दुपारची गप बसली न्हाई, आता कावून बसंल?"

हमाल त्या कोपऱ्याकडं फिरकेनात. शेवटी वखारीची व्यवस्था पाहणारी संगीता गेली, तर पोत्यांमागं पाण्यानं भरलेलं गाडगं!

"मामा, हे काय?"

"तिला तहान लई. रोज दुपारी ताजं भरतो."

"गाडगं पाझरतंय. बियाण्याला बुरशी लागली तर गावानं पेरायचं काय?"

बायडाबाईनं निवडलेलं शेवटचं बियाणं! मामांनी गाडगं बाहेर लिंबाखाली नेलं आणि पोती उन्हात घातली.

बियाणं वाचलं, पण यंत्र गप्प झालं. मामांना भाकर गोड लागेना. एका दुपारी ते यंत्राला तोंड लावून पुटपुटले, "रुसलीस व्हय?"

टुक!

"मामा, तुमच्या श्वासाची ओल ती," संगीता दारातून म्हणाली.

"श्वास माझाच हाय, बाई," मामा म्हणाले. "हुंकार तिचा हाय."