विमानाचं दावं

आमच्या घरी विमान होतं असं मी सांगते तेव्हा लोक आधी हसतात. आम्ही धनगर, गाव वडगाव रासाई, आणि दारात विमान. हसू येणारच, मलाही आलं असतं. भीमेकडच्या आमच्या माळावर, एका बाजूला ऊस आणि दुसऱ्या बाजूला कांदा, अशा ठिकाणी ते सात वर्षं उभं होतं. चार माणसांचं, एका पंख्याचं, पांढऱ्या अंगावर लाल पट्टा. आमच्या दारात आल्यापासून ते एकदाही उडालं नाही. त्याला कारण मी आहे. निदान अर्धं कारण तरी.

आबांपासून, म्हणजे आजोबांपासून सांगायला हवं. त्यांच्या उमेदीत दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर लादायचं आणि मेंढरं घेऊन कोकणात उतरायचं, पावसाच्या आधी परतायचं. वडगाव, पाबळ, खेड, मग डोंगर. एका वर्षी पाबळच्या पुढे त्यांची थोरली मुलगी तापाने गेली. दोन वर्षांची होती. एका ओढ्याच्या वळणावर तिला पुरलं, वर दगड रचले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कळप पुढे हलवला. चारा संपला की हलावंच लागतं, तिथे कुणाचं दुःख आड येत नाही. पुढे दरसाल जाता-येता आबा तिथे एक-एक दगड ठेवायचे. मग मेंढरं विकली, घर बांधलं, शेती धरली. ती वाट सुटली ती सुटलीच.

म्हातारपणी त्यांना ती जागा पुन्हा बघायची होती. आप्पांनी, माझ्या वडिलांनी, तीनदा भाड्याची जीप केली. पण मधल्या काळात बंधारे झाले होते, डांबरी रस्ते झाले होते, पडीक रानं बागायती झाली होती. आबा उतरायचे, काठी टेकून गोल फिरायचे. "हितंच. न्हाई, हितं न्हाई." त्यात डोळ्यांत काचबिंदू. गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेलीही हळूहळू जाईल, असं पुण्याच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. तिसऱ्या वेळी परतताना आबा जीपमध्ये म्हणाले, "खालनं समदं सारकंच दिसतंय. घारीवानी वरनं बघितलं तर घावंल. ओढ्याला तीन वळनं, आन् मधल्या वळनाला टेकाड. ते काय कुनी हलवलं नसंल."

दुसऱ्या कुणी ते हसण्यावारी नेलं असतं. आप्पांनी नेलं नाही. पाबळला राहून ते वेल्डिंग आणि इंजिनचं काम शिकले होते, पंचक्रोशीतले पंप त्यांच्याच हातचे. यंत्राचं नाव काढलं की त्यांच्या अंगात यायचं. त्याच सुमारास आमचा रांजणगावकडचा खडकाळ तुकडा कारखान्यांसाठी गेला होता आणि मिळालेल्या मोबदल्यातून भावकीतल्या प्रत्येकाने जीप घेतली होती. आप्पा दोन दिवस कुठेतरी जाऊन आले. लांबच्या एका फ्लाइंग क्लबात त्यांनी एका फेरीची चौकशी केली, तर तिथल्या कारकुनाने अशी फेरी मिळत नाही म्हणून सांगितलं. मागच्या शेडमध्ये मात्र ताडपत्रीखाली एक जुनं विमान होतं. मालक वारलेला, विकायला काढलेलं.

आप्पा जेवायला बसता बसता म्हणाले, "फेरी देत न्हाईत म्हनं. इमान देत्यात."

आईची भाकरी तव्यावर करपली. हौसेला मोल नसतं हे खरं, पण घरात अक्कल असावी, असं ती पुढे आठवडाभर म्हणत होती.

मी तेव्हा बारावीत होते. घरात इंग्रजी येणारी एकटीच, म्हणून बघायला मलाही नेलं. आप्पांनी ते विमान घोडं बघावं तसं बघितलं. पोटाखाली वाकले, चाकं दाबली, पंख्याला हात लावला, इंजिन चालू करायला लावून कान देऊन ऐकलं. क्लबातले एक निवृत्त पायलट सोबत होते. मशीन उत्तम आहे, धावपट्टी करा, मी रविवारी येऊन उडवीन, असं ते म्हणाले. आप्पांचा चेहरा असा खुलला की मला त्यांच्याकडे बघवेना.

आता दाव्याचं सांगते. आमच्यात घोडं विकलं, बैल विकला, तरी त्याला बांधायचा दोर, म्हणजे दावं, विकत नाहीत. घेणाऱ्याने आपलं नवं दावं आणायचं, जुनं विकणाऱ्याच्या घरात राहतं. जनावराबरोबर दावंही गेलं तर त्या घरची बरकत जाते. एखाद्याने नकळत दावं देऊ केलं, तर शहाण्या माणसाने ते परत त्याच्या हातात ठेवायचं. आप्पांनी शिरूरच्या बाजारातून नवं दावं आणलं होतं, विमानाच्या नाकाला बांधायला. क्लबातली माणसं तोंड फिरवून हसली.

कागदावर सह्या करायला आम्ही पुण्याला त्या मालकाच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी एकट्याच होत्या. सह्या झाल्यावर त्यांनी आतून तीन जाड, निळ्या पुठ्ठ्याच्या वह्या आणल्या.

"या विमानाच्या वह्या. प्रत्येक उड्डाण, प्रत्येक दुरुस्ती यात आहे. सगळं त्यांच्या हातचं." त्यांनी एक पान उघडून मला दाखवलं. "हे बघ, इथे सोबत कोण होतं ते लिहिलंय. मी होते." आणि त्या अक्षरावरून त्या बोट फिरवत राहिल्या.

आप्पांनी ते बघितलं आणि हात जोडले. "ताई, हे तुमच्या घरचं दावं. जनावर मी नेतो, दावं तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या."

बाईंना आधी कळलं नाही. आप्पांनी रीत समजावून सांगितली तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तेवढ्या वेळात उरलेल्या वह्यांतली एक उघडून तिचं पहिलं पान मी वाचलं होतं. तिथे इंग्रजीत छापलेलं होतं की विमान विकल्यास या वह्या नव्या मालकाच्या ताब्यात द्याव्यात. मला ते नीट समजलं होतं. पण आप्पा आपल्या बोलण्यावर इतके तृप्त होते, बाई रडत होत्या, आणि सतरा वर्षांच्या मला वाटलं, छापलेलं तर कशावरही असतं. मी वही मिटली आणि बाईंच्या हातात दिली.

पंख काढून, उसाच्या पाचटाच्या गाद्यांवर ठेवून, दोन ट्रकांतून विमान गावात आलं. नाकाला दावं, त्यावर हळद-कुंकू. "धनगराचं इमान" बघायला पार भांडगावाहून लोक आले. माळ सपाट करण्यात, रोलर फिरवण्यात, परवानगीच्या अर्जांत वर्ष गेलं. जीप घेऊन पाबळला जाणं मात्र बंद झालं. आता खालून कशाला धुंडायचं, असं आप्पाच म्हणाले आणि आम्हाला सगळ्यांना ते पटलं. आबांनी नवी घोंगडी घेतली. वर गारठा असेल म्हणाले. दर रविवारी अंघोळ करून, पटका बांधून, घोंगडी मांडीवर घेऊन ते माळाच्या कडेला बाजेवर बसायचे.

मग तपासणीला इंजिनियर आले. त्यांनी विमानाला हात लावायच्या आधीच वह्या मागितल्या. आप्पांनी दाव्याची गोष्ट सांगितली. ते हसले नाहीत. "इंजिन किती तास चाललंय, कधी उघडलं, कोणी बांधलं, हे लिहिलेलं नसेल तर मी सही करणार नाही," ते म्हणाले. "माझ्या जागी कोणीही करणार नाही. वह्या आणा."

दुसऱ्या दिवशी आम्ही पुण्याला गेलो. बाईंनी हसून दार उघडलं, चहा ठेवला. वह्यांचं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "तुम्ही त्या माझ्याजवळ ठेवल्यात, फार बरं केलंत. वर्षभर रोज एक पान वाचत होते. मग यंदा श्राद्धाला त्यांच्या गावी, वाईला गेलो, तेव्हा कृष्णेत सोडल्या. आता मन मोकळं झालंय."

मी आप्पांकडे बघितलं. त्यांनी कपबशी खाली ठेवली. आवाज झाला नाही.

"ब्येस केलंत, ताई," ते म्हणाले. "दुसरं काय करनार."

त्या बाईंना आम्ही कधीच काही सांगितलं नाही.

त्यानंतर आप्पांनी मुंबईला हेलपाटे घातले, दिल्लीला अर्ज केले. सगळ्यांचं म्हणणं तेच, आणि त्यात चूक कुणाचीच नव्हती. पण आबांना खरं कोण सांगणार? "पुढच्या महिन्यात," आप्पा म्हणायचे. मग "पाऊस उघडल्यावर". मग "सुगी झाल्यावर". मीही त्यात हो ला हो करायचे, आणि म्हणताना ते छापलेलं पान डोळ्यांसमोर यायचं. आप्पांना एकदा तरी सांगावं असं शंभरदा मनात आलं. तोंड उघडलं नाही. मी भित्री होते, एवढंच.

तिसऱ्या वर्षी आबांची नजर पूर्ण गेली. मला वाटलं, आता सुटलो, आता ते विचारणार नाहीत. तर त्यांनी मला बाजेवर शेजारी बसवून घेतलं. "मला न्हाई दिसनार, पन तुला दिसंल की. मी सांगतो, तू बघ. पाबळ सोडलं की उजव्या अंगाला वढा. वळनं तीन. मधल्यापाशी टेकाड. टेकाडाच्या पायथ्याला दगडं. लई न्हाईत, वंजळभर." दर रविवारी ते माझ्याकडून हे घोकून घ्यायचे. मी चुकले नाही की पाठीवर थोपटायचे. ते थोपटणं मला सहन व्हायचं नाही.

पाचव्या वर्षी थंडीत आबा गेले. नवी घोंगडी त्यांच्यावर घातली. घडी मोडलेली नव्हती तिची.

आणखी दोन वर्षं विमान तसंच पडून होतं. शेळ्या सावलीला बसायच्या. शेवटी आप्पांनी दौंडच्या भंगारवाल्या चाचांना बोलावलं. मी तेव्हा सासरहून आले होते. चाचांनी पंख कापले, सगळं ट्रकात चढवलं आणि निघता निघता नाकाचं दावं सोडून, गुंडाळून आप्पांच्या हातात आणून ठेवलं.

"ये नहीं ले जाता, आप्पा. आपल्याकडची रीत मला ठावं हाय."

ट्रक निघाला. मग मी आप्पांना सांगितलं. पहिलं पान, त्यावरचं इंग्रजी, मी वाचलं होतं, कळलं होतं, आणि गप्प बसले होते. सात वर्षांचं एका दमात सांगितलं.

त्यांनी दाव्याचा पीळ चाचपला. मग म्हणाले, "तू बोलली असतीस तरी म्या वह्या मागितल्या नसत्या. ती बाई कशी रडत व्हती तवा."

मला हलकं वाटलं. खरंच वाटलं.

"पन मग इमानबी घेतलं नसतं, सौदा तितंच मोडला असता," आप्पा म्हणाले. "आबाला डोळं व्हतं तवर जीपनं हुडकत ऱ्हायलो असतो. एखांद्या बारीला घावली असती पोरगी."

ते रागाने बोलले नाहीत. दावं खांद्यावर टाकून ते घराकडे चालू लागले, आणि मी त्यांच्या मागून.